अर्ध्या तासाचं माहेर

जळगावच्या विमानाच्या मैदानापासून धुळ्याच्या मैदानापर्यंत आभाळातून सरळ बावन्न मैल होतात आणि विमानाला पस्तीस मिनिटं लागतात. हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही; शाळेची पायरी मी चढलेली नाही. पण एकोणीसशे चौतीसच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी हे आकडे बोटांवर इतक्या वेळा मोजले, की अजून पाठ आहेत.

आम्ही दोघी बहिणी. मी थोरली, भिकुबाई. माझ्याआधी मायची तीन लेकरं गेली होती. मी तरी जगावी म्हणून माझं नाव असं ठेवलं, की नजर लावणाऱ्यालाच लाज वाटावी. चार वर्षांनी धाकटी झाली तोवर मायची भीती मोडली होती. तिचं नाव कुंदा ठेवलं. म्हणजे पाळण्यातच ती माझ्यापुढे गेली. रंग तिचा उजळ, केस तिचे लांब, आणि कुणाच्याही घरी गेलो की गुळाचा मोठा खडा तिच्या हातावर. मी जळायची. ते मी कधी लपवलं नाही, कुणी विचारलं नाही एवढंच.

लग्नातही तेच. दोघींना जळगावकडे दिलं, दोन कोसांच्या अंतरानं. माझ्या घरी कोरडवाहू कपाशी, तिच्या घरी दोन विहिरी आणि केळीची बाग. माझ्या नवऱ्याचं नाव नथ्थू. आता वय झालं, नाव घेतलं तरी चालतं. तिचे भाईदास पाटील. ती सणाला केळीचा घड पाठवायची आणि मी तो शेजारीपाजारी वाटून टाकायची. आमच्या घरात सगळ्यांना केळी आवडायची.

एका गोष्टीत मात्र मी पहिली होते. आखाजीला लेकींना माहेरी न्यायला भाऊ येतो. आमचा भाऊ वना बैलगाडी घेऊन दोन दिवसांची वाट तुडवत यायचा, आधी माझ्या दारात, मग कुंदाच्या. एकाच गाडीत आम्ही दोघी धुळ्याच्या अलीकडे बोरखेड्याला, आमच्या माहेरी जायचो. दारात माय भाकरतुकडा घेऊन उभी असायची. वाटेत लेकीला कुणाची नजर लागली असेल, ती भाकरीच्या तुकड्यावर उतरवायची, तुकडा दोन्हीकडे फेकायचा, पायांवर पाणी घालायचं, आणि मगच लेकीनं उंबरठा ओलांडायचा. आधी थोरली, मग धाकटी. चौदा वर्षं मी आधी आत गेले. आत जाऊन मी मागे वळायची आणि उन्हात उभ्या असलेल्या कुंदाकडे बघायची. फार वेळ नाही, मायनं पाण्याचा तांब्या पुन्हा भरेपर्यंत.

त्या साली चैत्रात मुंबईची एक कंपनी दोन विमानं घेऊन जळगावला आली. आमच्या गावच्या गायरानाचा अर्धा तुकडा सरकारनं आधीच सपाट करून घेतला होता. मध्ये चुन्याचं मोठं वर्तुळ, भोवती बोरी-बाभळीचं कुंपण, आणि तोंडाशी काट्यांचं फाटक. राखणीला आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, होते. काम एकच, ढोरं आत येऊ द्यायची नाहीत. आता ढोरांना काय माहीत सरकार? पिढ्यान्‌पिढ्या चरलेली जागा, फाटक जरा किलकिलं दिसलं की शंभर खूर आत. कंपनी लोकांना विमानात बसवून जळगाववरून दहा मिनिटांची चक्कर मारून आणायची. सारं गाव माना वर करून उभं असायचं. मी कापसातली सरकी काढत घरीच बसायची, कारण बघून मला काय मिळणार होतं?

आखाजीला आठ दिवस उरले असताना कुंदा आमच्या दारात बैलांच्या दमणीतून उतरली. नवं लुगडं, हातात पंखा.

"अक्का, यंदा मी इमानवर जासू," ती म्हणाली.

कंपनीचा मुक्काम धुळ्याला हलणार होता, नेमका आखाजीच्या आदल्या दिवशी. जाताना विमानात एक जागा रिकामी होती आणि भाईदासांनी ती कुंदासाठी घेतली होती. वनाला पत्रही गेलं होतं: यंदा गाडी आणू नकोस, विमान येतं त्या मैदानावर ये.

"आनी मी?"

"जागा एकच व्हती, अक्का. तू मोटारवर ये ना."

"कितला वखत लागस त्या इमानले?"

"बावन्न मैल शे. अर्धा तास, वर पाच मिनिटं."

मी तिला पाणी दिलं, गूळ दिला, आणि ती गेल्यावर तिनं प्यायलेला पेला राखेनं तीनदा घासला. माझ्या अंगाचा तीळपापड झाला होता. वनाची गाडी ज्या वाटेनं दोन दिवस खडखडत यायची, ती वाट हिला अर्ध्या तासाची. आणि माझ्या दारात यंदा गाडीच यायची नाही.

रात्री जेवताना मी नवऱ्याला विचारलं, विमान कधी सुटणार. "आठला," ते म्हणाले. "हवा थंड आहे तोवरच उडवायचं म्हने साहेब. दुपारी झळा सुटल्या की हलतं ते वरती. तुझी बहीण नशिबाची आहे."

नशिबाची. माझ्या ताटातली भाकरी मला जाईना.

मी मोजायला लागले. विमान आठला उडणार, आठ पस्तीसला धुळ्याच्या मैदानावर. तिथून बोरखेडं बैलगाडीनं दोन कोस. म्हणजे दहाच्या आत कुंदा दारात. आणि मी? सर्व्हिस मोटार जळगावहून सहाला सुटते, एरंडोल, पारोळं करत, प्रत्येक झाडाखाली प्रवासी घेत जाते. बोरखेड्याच्या फाट्यावर ती मला अकराच्या आधी सोडणार नव्हती. एका तासाचा फरक. माय उन्हात उभी राहील, कुंदावरून तुकडा उतरवील, तिच्या पायांवर पाणी घालील. मी पोचेन तेव्हा ती आतून मागे वळून माझ्याकडे बघेल. मला ते बघणं माहीत होतं. चौदा वर्षं ते माझंच होतं.

एक तास. मला फक्त एक तास हवा होता, फार तर दोन.

त्या दिवशी उजाडता उजाडता मी गाठोडं घेऊन घराबाहेर पडले. मोटार धरायला गायरानाच्या कडेनंच जावं लागतं. आमच्या घरचे साहेबलोकांसाठी विहिरीवरून पाणी आणायला गेले होते. विमानं दोरांनी बांधून ठेवली होती आणि गावची ढोरं कुंपणाबाहेर नेहमीच्या जागी गोळा होत होती. मी गाठोडं खाली ठेवलं. फाटकाच्या काट्या दोन्ही हातांनी ओढून बाजूला केल्या. मनगटावर तीन ओरखडे उठले, एक बांगडी फुटली. पहिल्या म्हशीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आपल्या घरात शिरावं तशी ती आत गेली. तिच्यामागे बाकीची.

मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू? मोटारीत बसेपर्यंत मी मनात हसत होते.

मोटारीत मी खिडकीशी बसले आणि आभाळ बघत राहिले. आमची वाट आणि विमानाची वाट एकच, ती धुळ्याकडची. ते गेलं असतं तर डोक्यावरूनच गेलं असतं. एरंडोल गेलं, आभाळ कोरडं. पुढं चाक बसलं, सगळे खाली उतरले, मी एकटी वर बघत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "पावसाची वाट बघताय का काय?" मी म्हटलं, "हो." पारोळं गेलं तरी विमान नाही. दोन तास मागितले होते, देवानं जास्तच दिले.

बोरखेड्याच्या फाट्यावर उतरले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. मी धावतच गेले. दारात कुणी नव्हतं. दाराला बाहेरून कडी होती. अंगणातल्या निंबाला आखाजीचा झोका बांधलेला होता आणि तो रिकामा होता. साऱ्या गल्लीत कुत्रंसुद्धा दिसेना. फक्त समोरच्या ओट्यावर म्हाताऱ्या ताईबाई वाती वळत बसल्या होत्या. मला इथं बघून त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला.

"तू आठे कशी व, भिकी?"

"मोटारवर उनू."

"मोटारवर? तू?"

मला वाटलं, म्हातारी टोमणा मारतेय. धाकटी आभाळातून येणार आणि थोरली धूळ खात, असंच तिच्या मनात असणार. मी तोंड फिरवलं.

"बठ्ठं गाव इमान देखाले गयं," ताईबाई म्हणाल्या. "वना गया, तुन्ही माय बी गयी. तांबडं फुटानं तव्हाथीन."

"मायले तर विहिरलोंग चालता येत नही."

"गाडीमा बसाडी लयी गया वना. ती ऐकेच ना."

मी ओट्यावर बसले. माझी माय, जिचा गुडघा मी माहेरी आले की रोज तेल लावून चोळायची, जी मला गेल्या साली गावच्या वेशीपर्यंतही पोचवायला आली नाही, ती कुंदासाठी दोन कोस गेली होती. विमान बघायला. आणि मी पहिली आले होते. खरंच पहिली आले होते, आणि घरात तुकडा उतरवायला कुणी नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ताईबाईंना माझी दया आली असावी. "मी उतारू का तुकडा? कितलं बसशी उनमा?"

"नको. मन्ही माय उतारी."

बारा वाजले, दोन वाजले. ताईबाईंनी दिलेली भाकरी मी खाल्ली नाही. उंबरठ्याच्या बाहेर ओट्यावर मी बसून होते आणि वैशाखाचं ऊन माझ्या पायांवर चढत होतं. वरून मला रागही येत होता की विमान अजून कसं येत नाही. दोन तास मी चोरले, पण बाकीचे कुणी? मग मला नवऱ्याचं बोलणं आठवलं. झळा सुटल्या की ते वरती हलतं. म्हणजे ढोरं हाकलेपर्यंत ऊन चढलं असणार आणि साहेबानं विमान उतरत्या उन्हापर्यंत अडवून ठेवलं असणार. म्हणजे माय सकाळपासून त्या उघड्या माळावर होती. तिथं झाडाचं पान नाही, हे मला माहीत होतं. त्या माळावरून आम्ही लहानपणी गोवऱ्या वेचून आणायचो.

मी उठून ओट्यावर येरझाऱ्या घालायला लागले. पण तेव्हाही, मायसाठी जीव तुटत होता त्याच वेळी, आत कुठेतरी मला वाटत होतं की ती उन्हात उभी आहे ती कुंदासाठी. माझ्यासाठी ती कधी इतकी उभी राहिली?

ऊन कलल्यावर विमान गेलं. आधी घरघर ऐकू आली, मग ते निंबाच्या शेंड्यावरून धुळ्याकडे सरकलं, घारीएवढं. ताईबाईंनी हात जोडले. मी जोडले नाहीत.

दिवस मावळायच्या आत वनाची गाडी गल्लीत शिरली. मागे सारं गाव चालत येत होतं, पण जत्रेहून येताना असतो तसा गलका नव्हता. गाडीत माय आडवी होती. कपाळावर ओलं फडकं, ओठ कोरडे पडलेले. तिचं डोकं कुंदाच्या मांडीवर होतं आणि कुंदाच्या गळ्यात सुकलेला हार होता.

"अक्का," कुंदा म्हणाली. "तू आठेच शे?"

वनानं मायला उचलून ओट्यावर बसवलं. मी तिचे पाय हातात घेतले. तळव्यांना फोड आले होते. वना म्हणाला, दिवसभर त्यानं गाडीखाली सावलीत बसायला विनवलं, पण ती बसेना. 'विमान आलं आणि मी दिसले नाही तर पोरी घाबरतील,' माय म्हणायची. घाईत वहाणासुद्धा घरीच राहिल्या होत्या.

"पोरी?" मी विचारलं.

मग कुंदा बोलली. तिचा आवाज चिडलेला होता आणि डोळे भरलेले. "मी उतरनू, लोकेसनी हार घाला. माय पुढे उनी. माले वाटनं, आज तरी पहिले तुकडा मन्हावरथीन उतारी. तिनी माले देखंच नही, अक्का. मन्हा बाजूथीन गयी आनी इमानमा डोकायनी. भिकी कोठे शे, भिकी कोठे शे. सायेब हसना. तिनी त्याले परत दार उघडाले लावं. बठ्ठा बाक देखा, खाले देखं. मंग माले इचारं, तू एकलीच कशी उनी?"

मी मायकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, जणू यात समजण्यासारखं काय अवघड आहे, "एक गाडीमा दोन्ही पोरी येतस. इमान बी गाडीच शे ना?"

तेव्हा मला ताईबाईंचं 'मोटारवर? तू?' कळलं. गाडी आणू नकोस, मैदानावर ये, असं पत्र आलं होतं. आजवर गाडीनं दोघी येत होतो, म्हणजे विमानानंही दोघीच येणार, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. माय तांबडं फुटल्यापासून उभी होती ती आम्हा दोघींसाठी, आणि त्यातही आधी मला घ्यायला.

"आभायमा मी काय मांगत व्हतू, माहीत शे?" कुंदा म्हणाली. "एक साल तरी मी पहिली. तुले दर साल पहिलं भेटस, तुले काय कयनार?"

मला वाटायचं, जळणारी मी एकटी. तिच्या केळी, तिचा रंग, तिचं नाव यांच्याकडे बघत मी आयुष्य काढलं आणि ती चौदा वर्षं माझ्या त्या एका पायरीकडे बघत होती.

वना म्हणाला, उशीर ढोरांमुळे झाला. जळगावच्या मैदानात ढोरं शिरली, चुना तुडवला, दोर तोडले, दोन तास हाकलता हाकलेनात. कुंदानं पुढचं सांगितलं. साहेब साऱ्या लोकांसमोर माझ्या नवऱ्याला वाटेल तसं बोलला. ते मान खाली घालून एवढंच म्हणाले, फाटक माझ्याकडूनच उघडं राहिलं. "पन अक्का, दाजीसनं ते बोलनं खोटं व्हतं. काट्या कोनी तरी वढेल व्हत्यात. तठे बांगडीना तुकडा बी व्हता. दाजींनी तो उचली खिसामा टाका. मी देखं."

एवढं बोलून तिची नजर माझ्या मनगटावर गेली. मी पदर ओढला, पण उशीर झाला होता. तिनं काही म्हटलं असतं तर मी भांडले असते. तिनं मायच्या कपाळावरचं फडकं सरळ केलं.

"कोना मेलानी नजर लागनी मन्ही पोरीसले," माय म्हणाली आणि पदराची गाठ सोडायला लागली. गाठीत सकाळचा भाकरीचा तुकडा होता, उन्हानं लाकडासारखा कडक झालेला. तिनं भिंतीचा आधार घेतला आणि उभी राहिली. वनानं दाराची कडी काढून आतून पाण्याचा तांब्या आणला. "भिकी, ये. उंबरठाजोगे उभी ऱ्हाय."

सारी गल्ली बघत होती. मी पुढे झाले. मायचा हात माझ्या डोक्यापर्यंत आला. त्या तुकड्यावर ती कुणाची नजर उतरवणार होती, ते मला माहीत होतं.

"आधी कुंदीवरथीन उतार, माय," मी म्हटलं.

"तू थोरली शे."

"नजर तिले लागेल शे."

"कोनी?"

"मन्ही. काट्या मीच वढ्यात."

माय माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझा हात धरला, पदर मागे सारून ते तीन ओरखडे बघितले आणि त्यांवरून बोट फिरवलं. मग तिनं तुकडा मधोमध मोडायला घेतला. तो मोडेना. शेवटी कुंदानंच तो तिच्या हातून घेऊन उंबरठ्यावर आपटून मोडला.

एक भाग मायनं कुंदावरून उतरवला आणि दोन्हीकडे फेकला. तिच्या पायांवर पाणी घातलं. कुंदा आत गेली. दुसरा भाग हातात घेऊन माय माझ्यापुढे थांबली.

"दुसरानी नजर तुकडावर उतरस," ती म्हणाली. "तुन्ही तुलेच लागनी. ती मी कशी उतारू?"

तरीसुद्धा तिनं तो तुकडा माझ्यावरून फिरवला, तीनदा नाही, सातदा, हात दुखेपर्यंत. मग फेकला आणि तांब्या उचलला, पण तो रिकामा होता. सारं पाणी कुंदाच्या पायांवर संपलं होतं.

मी उन्हात भाजलेल्या पायांनी तशीच उभी राहिले. कुंदा आत जाऊन मागे वळली होती. मी तिच्या बघण्याची वाट बघत होते, मला ते बघणं माहीत होतं. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती आत घडवंचीकडे गेली, माठातून तांब्या भरला, उंबरठ्याच्या आतल्या बाजूला खाली बसली आणि माझ्या पायांवर पाणी घालू लागली.